विल्बर राइट आणि लाकडी पंखा

आमच्या गावच्या जत्रेत रंगीत कागदाची भिरभिरी मिळतात. लहानपणी मी आणि दादा दरवर्षी दोन भिरभिरी विकत घेत असू, ती सायकलच्या हँडलला बांधत असू आणि शाळेमागच्या उतारावरून सुसाट सुटत असू. कोणाचे भिरभिरे अधिक जोरात फिरते यावरून भांडण ठरलेले असे, आणि जिंकायचा नेहमी दादाच. पुष्कळ वर्षांनी त्याने कबूल केले, की माझ्या नकळत तो आपल्या भिरभिऱ्याची पाती निराळ्या कोनात वळवून ठेवत असे. किती वळवायची हे त्याला करून करून कळले होते. तेवढीच का, हे मात्र त्याला कधी सांगता आले नाही.

जवळजवळ हाच प्रश्न १९०२ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील डेटन गावी सायकलचे दुकान चालवणाऱ्या दोन भावांपुढे उभा राहिला. हवेत फिरणाऱ्या पंख्याच्या पात्याला पीळ किती असावा, रुंदी किती असावी, आणि एक पंखा दुसऱ्यापेक्षा चांगला हे ठरवायचे तरी कशावरून? त्या दोघांपैकी थोरल्याचे, विल्बर राइटचे, चरित्र यंदाच्या सुट्टीत मी वाचले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाच्या वाटेला मी गेलेली नाही. विमानाच्या पंख्याशी हिचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो सायकलच्या दुकानातूनच आलेला आहे. कारण आमचे घर दादाच्या सायकल दुकानावर चालते. त्या संबंधाविषयी पुढे ओघाने येईलच. आधी विल्बरविषयी.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी इंडियाना राज्यातील मिलव्हिल या खेड्याजवळ झाला. वडील मिल्टन राइट हे धर्मोपदेशक, पुढे बिशप झाले. आई सुसान ही गाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. घरातले काही मोडले की ते दुरुस्त करायचे काम तिचे. वडिलांकडून पुस्तके आणि आईकडून हत्यारे, असा वारसा या मुलांना मिळाला. १८७८ साली वडिलांनी प्रवासातून येताना बांबू, बूच, कागद आणि रबर यांचे एक उडते खेळणे आणले. रबराला पीळ दिला की त्याचे पंखे फिरत आणि ते छताला जाऊन आपटे. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल सात वर्षांचा. दोघांनी त्याच्या नकला केल्या. नकल जेवढी मोठी, तेवढी ती उडायला नाखूश, हेही त्यांच्या ध्यानात आले.

विल्बर अभ्यासात हुशार होता. त्याला येल विद्यापीठात पाठवायचे घरच्यांच्या मनात होते. पण १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना एका मुलाची काठी त्याच्या तोंडावर बसली आणि पुढचे दात गेले. जखम भरली, पण मुलगा मात्र खचला. छातीत धडधड होऊ लागली, कॉलेजचा विचार मागे पडला, आणि अठरा-एकोणीस वर्षांचा हा तरुण तीन वर्षे घरातच बसून राहिला. त्याच काळात आईला क्षयाने घेरले होते. विल्बर तिची सेवा करी, तिला उचलून जिन्याने वरखाली नेई, आणि उरलेल्या वेळी वडिलांची पुस्तके वाची. १८८९ साली आई गेली. बाहेरच्या जगाच्या दृष्टीने हा मुलगा तोपर्यंत वाया गेलेलाच होता. मला मात्र वाटते, की एकट्याने बसून एखाद्या विषयाचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवायची सवय त्याला याच तीन वर्षांत लागली असावी.

मग दोघा भावांनी छापखाना काढला, आणि १८९२-९३ च्या सुमारास सायकलचे दुकान. अमेरिकेत तेव्हा सायकलचे वेड पसरले होते. आधी विक्री आणि दुरुस्ती, मग १८९६ पासून स्वतःच्या बनावटीच्या सायकली. त्याच वर्षी जर्मनीतील ऑटो लिलिएंटाल हा पंख बांधून टेकडीवरून तरंगणारा इंजिनिअर पडून मरण पावला. ती बातमी वाचून विल्बरच्या मनातले जुने खेळणे पुन्हा जागे झाले. ३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणावरचे उपलब्ध साहित्य मागवले. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी; लेखाच्या अखेरीस ती पुन्हा येणार आहे.

सायकल चालवणाऱ्याला एक गोष्ट अंगात मुरलेली असते. सायकल आपण होऊन उभी राहत नाही. चालवणारा तिला क्षणोक्षणी सावरत असतो. विमानही असेच सावरावे लागणार, हे विल्बरने ओळखले. एके दिवशी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ट्यूबची रिकामी खोकी तो हातात पिळत होता. त्या पिळाकडे पाहता पाहता त्याला सुचले, की पंखही असेच पिळले तर तोल सावरता येईल. आमच्या दुकानातही अशी खोकी पडलेली असतात. आम्ही त्यांत नट ठेवतो.

१९०० साली दोघे भाऊ नॉर्थ कॅरोलायना राज्यातील किटी हॉक या समुद्रकाठच्या वाळवंटी जागी गेले. तेथे वारा भरपूर आणि पडायला मऊ वाळू. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी मोठे ग्लायडर नेले आणि तोंडघशी पडले. गणिताने जेवढी उचल मिळायला हवी होती तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच मिळाली. माणूस आपल्या हयातीत उडत नाही, अशा निराशेने विल्बर घरी परतला.

येथून पुढची हकिगत मला सगळ्यात आवडते. आपण चुकलो की तक्ते चुकले, हे ठरवायला त्यांनी सायकल काढली! हँडलच्या पुढे एक जादा चाक आडवे बसवले, त्याच्या कडेला एका बाजूस पंखाचा छोटा तुकडा आणि दुसऱ्या बाजूस सपाट पट्टी लावली, आणि डेटनच्या रस्त्यांवरून जोरात सायकल हाणली. समोरून येणाऱ्या वाऱ्यात कोणाचा जोर जास्त, हे ते चाक कोणत्या बाजूला वळते त्यावरून कळे. वाचताना मला आमची भिरभिरी आठवली. फरक एवढाच, की आम्ही भांडून घरी जात असू आणि ते आकडे लिहून घेत होते.

सायकलवर भागेना, तेव्हा त्यांनी दुकानात सहा फूट लांबीची, सोळा इंच रुंद नि तेवढीच उंच लाकडी पेटी बनवली आणि तिच्यातून पंख्याने वारा सोडला. आत हॅक्सॉच्या जुन्या पात्यांचे आणि सायकलच्या तारांचे तुकडे जोडून केलेला तराजू. १९०१ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पंखांचे सुमारे दोनशे नमुने त्यांनी या पेटीत तोलले. शतकाहून अधिक काळ सगळे निमूटपणे वापरत आलेला स्मीटनचा गुणांकच चुकीचा होता, हे त्यांतून निघाले. १९०२ चे ग्लायडर त्यांनी स्वतःच्या तक्त्यांवरून बांधले, आणि ते सहाशे फुटांहून अधिक तरंगत गेले.

आता उरले इंजिन आणि प्रॉपेलर, म्हणजे हवा मागे ढकलून विमानाला पुढे नेणारा पंखा. भावांची समजूत अशी होती, की इंजिनाचे अवघड जाईल आणि पंख्याचे सोपे. जहाजांना पंखे लागून अर्धे शतक उलटून गेले होते. तेव्हा पाण्यातल्या पंख्याचे सूत्र घ्यायचे आणि पाण्याच्या जागी हवा घालायची. ग्रंथालयात जाऊन पाहतात तो सूत्रच नाही! जहाजाचे पंखे अंदाजाने बनत. एक बनवायचा, लावून पाहायचा, नाही जमला तर दुसरा. मोठ्या कंपन्यांना तो खर्च परवडे. सायकल दुकानदाराला महिनोन्‌महिने लाकूड वाया घालवणे परवडणारे नव्हते.

इतरांचे काय चालले होते? हायरम मॅक्सिमने १८९४ साली इंग्लंडमध्ये वाफेचे प्रचंड यंत्र उभारले. जवळजवळ अठरा फूट व्यासाचे दोन पंखे आणि ३६० अश्वशक्ती. स्मिथसोनियनचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली यांच्या विमानाला ५२ अश्वशक्तीचे उत्तम इंजिन होते. शक्ती भरपूर घाला, म्हणजे पंख्यात थोडी वाया गेली तरी चालेल, असा तो मार्ग. राइट बंधूंना स्वतःच्या दुकानात जेमतेम बारा अश्वशक्तीचे इंजिन बनवता येणार होते. तेव्हा गळती थांबवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. गरिबाच्या घरी दिव्यातले तेल मोजून घालतात, तसे हे होते.

मळसूत्र जसे लाकडात शिरते तसा पंखा हवेत शिरतो, अशी तोवरची कल्पना होती. राइट बंधूंनी ती सोडून दिली. पंख्याचे पाते म्हणजे गोल फिरणारा पंखच, असे त्यांनी मानले. पंख सरळ पुढे गेला की त्याला वरची उचल मिळते. तोच उभ्या वर्तुळात फिरवला की ती उचल पुढे ओढणारी होते. आणि पंखांचे तक्ते तर त्यांच्यापाशी होतेच! वरवर किती सोपे! पण हिशेबाला बसले आणि डोके चक्रावले. विमान पुढे जाते आहे, पाते आडवे फिरते आहे, हवा मागे फेकली जाते आहे. धरून ठेवायला स्थिर असे काहीच नाही. शिवाय पात्याचा प्रत्येक भाग निराळ्या वेगाने फिरतो. साडेआठ फूट व्यासाचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेऊ लागला, तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे १५५ फूट धावते, पात्याचा मध्य त्याच्या निम्म्याने, आणि मुळाजवळचा भाग अगदी सावकाश. म्हणून हवेला योग्य कोनात भिडायचे तर पात्याला मुळाशी जास्त आणि टोकाकडे कमी असा हळूहळू बदलणारा पीळ लागतो. दादा भिरभिऱ्याची पाती वळवत असे त्यामागे हेच कोनाचे कोडे होते.

या प्रश्नावर दोघे भाऊ महिनोन्‌महिने भांडले. दुकानातला त्यांचा मदतनीस चार्ली टेलर याने ही भांडणे ऐकली होती. आवाज चढत, पण राग नसे. गंमत अशी, की तासाभराच्या वादानंतर विल्बर ऑर्व्हिलच्या मताचा झालेला असे आणि ऑर्व्हिल विल्बरच्या. आणि वाद पुन्हा तेवढ्याच जोराने सुरू होई! मी हे दादाला वाचून दाखवले तेव्हा तो हसला. आमच्या भांडणात असे कधी झालेले नाही.

पाच वह्या आकड्यांनी भरल्या. अठ्ठावीस इंचांचा एक नमुना पंखा करून तो त्यांनी दुकानातल्या इंजिनावर फिरवून पाहिला, हिशेब जुळतो अशी खात्री करून घेतली, आणि मग खरे पंखे घडवले. स्प्रूस लाकडाच्या तीन फळ्या एकमेकींवर चिकटवून त्यांतून कुऱ्हाडीने आणि हाताच्या रंध्याने तासून काढलेली साडेआठ फुटांची पाती. टोकांना पातळ कापड, वर अॅल्युमिनियमचा रंग. पंखे दोन घेतले, कारण थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा संथपणे मागे सारली तर शक्ती कमी वाया जाते. दोन्ही उलट दिशांनी फिरणारे, म्हणजे एकाच्या झटक्याने विमान कलंडू नये. इंजिनापासून पंख्यांपर्यंत सायकलसारख्याच साखळ्या आणि दातेरी चाके! इंजिन मिनिटाला हजारावर फेरे घेई आणि पंखे साडेतीनशेच्या आसपास. एका पंख्याला उलटे फिरवायचे, तर त्याची साखळी मध्ये तिढा देऊन नेली की झाले.

आपले पंखे इंजिनाच्या शक्तीपैकी ६६ टक्के कामी लावतील, असा भावांचा हिशेब होता. पुष्कळ वर्षांनी व्हर्जिनियातील लँग्ले येथील मोठ्या वातबोगद्यात त्या पंख्यांच्या हुबेहूब प्रतिकृती तपासल्या गेल्या. आकडा आला सुमारे ७५. चांगल्या लाकडी पंख्याचा आकडा आज ८५ च्या जवळपास असतो. म्हणजे शंभर वर्षांत एवढे विज्ञान पुढे गेले, आणि कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या या दोघांच्या पुढे जेमतेम दहा टक्के!

१९०३ च्या हिवाळ्यात किटी हॉकला परीक्षा सुरू झाली. पंख्यांचे पोकळ दांडे इंजिनाच्या हादऱ्यांनी निकामी झाले. ते डेटनला पाठवून जाड करून आणले. मग दातेरी चाके ढिली पडू लागली. नट कितीही आवळला तरी काही फेऱ्यांत पुन्हा ढिला. शेवटी सायकलचे टायर रिमला चिकटवायचे सिमेंट आटेत ओतून त्यांनी ती चाके पक्की बसवली! दादाच्या मते पंक्चरच्या सोल्युशनने जगातल्या निम्म्या अडचणी सुटतात. त्याला येथे भलताच पुरावा मिळाला. विमानाचे वजन ठरल्यापेक्षा वाढून सातशे पौंडांवर गेले होते आणि आता जोर पुरतो की नाही ही धास्ती होती. पंख्यांचा ओढा मोजला तो १३० पौंडांहून अधिक भरला. हिशेबात मुळात ९० पौंड लागणार होते. तेवढ्यात एका दांड्याला तडा गेला. ऑर्व्हिल पुन्हा डेटनला गेला आणि भरीव पोलादी दांडे घेऊन ११ डिसेंबरला परतला. मध्यंतरी ८ तारखेला लँग्ली यांचे विमान दुसऱ्यांदा नदीत पडले होते.

१४ डिसेंबरला नाणेफेक विल्बरने जिंकली. पण विमान फार वर उचलले गेले आणि साडेतीन सेकंदांत खाली आले. १७ तारखेला पाळी ऑर्व्हिलची. सकाळी दहा पस्तीसला तो १२ सेकंदांत १२० फूट गेला. त्या दिवसाचे चौथे आणि शेवटचे उड्डाण विल्बरचे : ५९ सेकंद, ८५२ फूट. थोड्या वेळाने वाऱ्याच्या एका झोताने विमान उलथेपालथे होऊन मोडले. ते पुन्हा कधी उडाले नाही.

सर्वसाधारण पुस्तकांत गोष्ट येथे संपते. वस्तुतः उपयोगाचे विमान व्हायला आणखी दोन वर्षे गेली. डेटनजवळच्या हफमन कुरणात उडताना १९०५ साली त्यांच्या ध्यानात आले, की पंख्यांचा प्रत्यक्ष जोर आणि वहीतला जोर यांत मेळ बसत नाही. हवेच्या दाबाने पातीच फिरताना पिळवटत असावीत, असा त्यांना संशय आला. संशय तपासायला त्यांनी पात्यांच्या मागच्या कडेला लहान पट्ट्या लावल्या. थट्टेने त्यांना ते जोकर म्हणत. पट्ट्यांनी पिळवटणे थांबले आणि फरकही नाहीसा झाला. कारण सापडल्यावर जोकर काढून टाकले, आणि टोकाशी मागे वळलेल्या नव्या आकाराची पाती घडवली. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर ३९ मिनिटे घिरट्या घालत चोवीस मैल उडाला. फ्रान्समधले लोक मात्र तोवर त्याला थापाड्या समजत होते. ८ ऑगस्ट १९०८ रोजी ल मान्स गावाजवळ त्याने दोन सफाईदार फेऱ्या मारल्या, आणि सगळ्यांची तोंडे बंद झाली. वल्ह्यासारखे पत्र्याचे पंखे लावून उडू पाहणाऱ्या फ्रेंचांना आपण कोठे आहोत ते कळले. एवढी कीर्ती होऊनही विल्बर विमानाच्या शेजारी शेडमध्येच झोपत असे.

आणि मग १७ सप्टेंबर १९०८. वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल सैन्यासमोर प्रात्यक्षिके दाखवत होता. त्या दिवशी त्याने विमानाला काही इंच लांब असे नवे पंखे लावले होते. शेजारी बसला होता लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज, वय २६. हवेत असताना एका पात्याला लांबीभर तडा गेला. त्याचा जोर गेला, हादरे बसू लागले, आणि ते पाते शेपटीच्या तारेवर आपटले. तार तुटली, विमान कोसळले. सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी गेला. यांत्रिक विमानाच्या अपघातात मरण पावलेला तो पहिला माणूस. ऑर्व्हिलची मांडी मोडली, बरगड्या मोडल्या. बहीण कॅथरीन शाळेतली नोकरी सोडून धावली आणि आठवडेच्या आठवडे त्याच्या उशाशी बसली. राइट भावंडांत कॉलेजची पदवी घेतलेली ती एकटीच, आणि शाळेत ती लॅटिन शिकवी; म्हणजे आपल्याच शाखेची.

विल्बरला बातमी फ्रान्समध्ये कळली. त्या दिवशीचे उड्डाण त्याने रद्द केले. घरी लिहिलेल्या पत्रांत तो स्वतःलाच बोल लावत राहिला. आपण तेथे असतो तर भावाला घाई करू दिली नसती, प्रत्येक भाग पुन्हा तपासला असता, असे त्याला वाटत होते. खाटेवरच्या ऑर्व्हिलने मोडलेल्या पंख्याचे तुकडे मागवून घेतले आणि पडण्याचे कारण शोधून काढले. कारण त्यांच्याच हातच्या वस्तूत होते. ते त्यांनी वाऱ्यावर ढकलले नाही आणि मेलेल्या माणसावरही ढकलले नाही. चार दिवसांनी विल्बर पुन्हा विमानात बसला आणि दीड तास हवेत राहिला.

येथे मला माझे सांगायचे आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी दुकानात दादाच्या हाताखाली होते. पंक्चर काढणे, चाकाचा आउट काढणे मला येते, आणि त्याचा थोडा गर्वही होता. एका मुलाच्या सायकलचे पुढचे चाक मी बसवले. नट हाताने फिरवले, पाना घेऊन आवळायचे, तेवढ्यात मैत्रीण आली आणि बोलण्यात राहून गेले. मुलगा सायकल घेऊन गेला. शाळेमागच्या त्याच उतारावर चाक निसटले आणि त्याचा हात मनगटातून मोडला. त्याचे वडील दुकानावर आले तेव्हा मी आतल्या बाजूला उभी होते. चाक मीच बसवले, असे दादाने सांगून टाकले, चार शब्द ऐकून घेतले आणि दवाखान्याचा खर्च दिला. मला तो एक शब्दही बोलला नाही. मीही बोलले नाही. घरासाठी दादाने दहावीनंतर शाळा सोडली होती आणि मी कॉलेजात शिकत होते. तरी खोटे बोलायचे काम त्याच्या वाट्याला आले.

विल्बरची ती पत्रांची हकिगत वाचली आणि मला पुढे वाचवेना. तडा गेलेल्या पात्याचे तुकडे खाटेवर मागवून घेणारा माणूस डोळ्यांसमोरून हलेना. त्या आठवड्यात मी त्या मुलाच्या घरी गेले आणि चूक कोणाची ते सांगितले. त्याच्या आईने पाणी दिले. वडील बराच वेळ गप्प राहिले. मुलाचा हात आता बरा आहे. दादाला कळले तेव्हा तो म्हणण्यासारखे काही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एका सायकलचे पुढचे चाक सोडले आणि माझ्या हातात पाना दिला.

असो. विल्बरचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगण्याजोगेच आहे. १९०८ च्या अखेरच्या दिवशी तो सव्वादोन तासांहून अधिक वेळ उडाला. १९०९ साली न्यूयॉर्कला हडसन नदीवरून त्याने उड्डाण केले तेव्हा पाण्यात पडलो तर असावी म्हणून विमानाच्या पोटाशी एक होडी बांधली होती. त्यानंतर मात्र पेटंटचे खटले, वकील, साक्षी यांत त्याचे दिवस जाऊ लागले. या काळात राइट बंधूंकडून नवे संशोधन फारसे झाले नाही, आणि इतर लोक त्यांच्या पुढे निघून गेले. कोर्टाने या माणसाचा जो वेळ खाल्ला, त्यात जगाचेही नुकसान झाले असे मला वाटते. १९१२ च्या मे महिन्यात त्याला विषमज्वर झाला, आणि ३० मे रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. स्मिथसोनियनला ते पत्र लिहिले त्याला त्या दिवशी बरोबर तेरा वर्षे होत होती. लग्न केले नाही, घर बांधू घातले होते ते पाहिले नाही. ऑर्व्हिल १९४८ पर्यंत जगला.

विल्बरवर लिहिते आहे म्हटल्यावर वर्गात एका मैत्रिणीने हटकले. राइट बंधूंच्या आधी, १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले होते, ते तू का लिहीत नाहीस? तळपद्यांचा ध्यास खराच असला पाहिजे, आणि मराठी माणूस म्हणून मलाही ते ऐकायला गोड वाटते. पण त्या उड्डाणाची लांबी, वेळ, यंत्राचे वजन, पंख्याचा जोर यांची त्या दिवशीची एकही विश्वासार्ह नोंद आपल्यापाशी नाही. ज्या वैमानिकशास्त्र ग्रंथाचा या संदर्भात आधार दिला जातो, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली तपासला. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. राइट बंधूंच्या वह्या आहेत, १७ डिसेंबरचे छायाचित्र आहे, मोडलेल्या दांड्यांचा हिशेबसुद्धा आहे. अभिमान कोणाचा बाळगायचा हे प्रत्येकाने ठरवावे; पण इतिहास हा आपल्या शाखेचा विषय आहे, आणि नोंद नसेल तेथे आपण तरी नोंद आहे असे म्हणू नये.

१९६९ च्या जुलैत नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा त्याने एक छोटासा लाकडाचा तुकडा बरोबर नेला होता. तो १९०३ च्या विमानाच्या डाव्या पंख्याचा होता. हे मी दादाला सांगितले, तेव्हा त्याने विचारले की साखळीला तिढा दिलेला पंखा तो हाच का दुसरा. मला ते सांगता आले नाही. आम्ही दोघे चित्र काढून बसलो आहोत. दादा म्हणतो डावा, मी म्हणते उजवा, आणि काल रात्रीपासून आमची मते एकदा बदलून झाली आहेत.

द्वितीय वर्ष, कला